आतल्या कपाटातल्या पांढऱ्या साड्या

प्रिय आबा,

उद्या आपलं दुकान इंटरनेटवर चढतंय, आणि विलासदादानं निमंत्रणपत्रिकेवर तुमचा हार घातलेला फोटो छापलाय. खाली लिहिलंय, ‘आबांचं स्वप्न’. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. तुमचं स्वप्न कोणतं, हे आता विचारायची सोय नाही, म्हणून कुणीही काहीही छापतंय! उद्या उद्घाटनाला माईकवर ही मंडळी तुमच्या नावानं बोलायच्या आत मी तुमच्याशी बोलून घेते.

इंटरनेट म्हणजे काय, विचाराल. फोनच्या तारेतून कॉम्प्युटरवर दुकान दिसतं. लांबच्या माणसानं साडी बघायची, निरोप टाइप करायचा, आपण व्ही.पी.नं पार्सल पाठवायचं, पैसे पोस्टमनच्या हाती. कल्पना माझीच होती. कामासाठी बाहेर गेलेली आपली माणसं तिथूनही बेलापूरच्या दुकानातून घेतील, असं वाटलं. पार्सलची बांधणी, वजन, सगळं मीच पोस्टात विचारून आले. घरातली पहिली पदवीधर, आता माझं ऐकतील! किती भोळी मी!

दादानं गाठले सावेडीचे एक सर. कॉम्प्युटर क्लास चालवतात, भर उन्हाळ्यात टाय लावतात. त्यांनी काय केलं माहितीय? पानावर आधी एक गरगर फिरणारा गुलाब. मग मिणमिणणारी समई. हे उघडेपर्यंत कपातला चहा गार! आपल्या साड्यांचे फोटो काढायचे कष्ट कशाला, कुठल्याशा कॅटलॉगातल्या बाया चिकटवल्या. शेंदरी साडी पडद्यावर गुलाबी दिसते म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, एवढं कोण बघतं?" तुम्ही गिऱ्हाइकाला पायरीवर नेऊन उजेडात पदर उलगडायचात. या माणसाला कापड म्हणजे कॉम्प्युटर पुसायचं फडकं.

तेही गिळलं असतं. पण परवा सरांनी साड्यांची वर्गवारी दाखवली. लग्न, सण, डोहाळजेवण. आणि सगळ्यात शेवटी, दुःखप्रसंग. त्यात आपल्या साऱ्या पांढऱ्या साड्या!

"सर, या नवरीच्या आहेत," मी म्हटलं.

ते हसले. "पांढरी साडी? नवरीला? कुठल्या देशात हो मॅडम?"

"इथंच. आमच्या घरात. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरीच नेसते."

सरांनी दादाकडं बघितलं. आणि दादानं, ज्याची स्वतःची बायको पांढरी साडी नेसून या घरात आली त्यानं, मान खाली घालून सांगितलं, "राहू द्या सर. पांढऱ्या काढूनच टाका. बाकीचं गिऱ्हाईक बिचकतं."

सरांचा मला राग येत नाही. राग यायलाही समोरचा माणूस तेवढ्या उंचीचा लागतो. दादाची मात्र किळस आली.

पण दादा हे शिकला कुठं, आबा?

आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट आठवतंय ना? लहानपणी मला वाटायचं, पांढऱ्या साड्या सगळ्यात मौल्यवान, म्हणून आत. आपलं कुणी आलं की तुम्ही आवाज उतरवून विचारायचात, "लगीन हाय ना?" आणि मागच्या दारानं आत न्यायचात. पुढं पांढरं दिसलं तर बाकीच्यांना अपशकुन! हे कॉलेजात गेल्यावर उमगलं. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत मोठा आवाज तुमचा, आणि स्वतःच्याच दुकानात कुजबूज? दुकान चालवायचं होतं, कळतं मला. माझी पुस्तकं त्याच दुकानातून आली. तरी विचारते, एकदाही का नाही ठेवलीत ती साडी पुढं?

काल कोल्हारची शेवंतामावशी आली, धाकटीच्या लग्नाची साडी घ्यायला. दादानं मोठ्या कौतुकानं कॉम्प्युटर दाखवला. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"लई झ्याक हाय रं. पन ह्यात समद्यांच्या नवऱ्या हायेत, आपली कुठं हाय?"

"आपली आत हाय, मावशी. या मागनं," दादा म्हणाला.

"आजून आतच व्हय?" मावशी म्हणाली.

दादा ओशाळं हसला. मला हसता आलं नाही.

सरांना टायपिंगचा कंटाळा, म्हणून पासवर्ड त्यांनी मलाच दिलाय. "मॅडम, तेवढं तुम्ही करा." केलं! आज दुपारी गुलाब उपटला, समई विझवली. आईचा लग्नातला फोटो श्रीरामपूरला नेऊन स्कॅन करून आणला होता, तो पहिल्याच पानावर लावला. खाली लिहिलं, ‘नवरीची साडी’. फोटो जुना, काळापांढरा. पण साडी आहे त्याच रंगाची दिसते. हा एकच रंग सरांच्या यंत्राला बिघडवता आला नाही.

आई बघून घाबरली. "अगं, विलास चिडंल." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "पदर नीट दिसतोय का गं?"

उद्या पाहुणे बटण दाबतील. पान सावकाश वरून खाली उलगडत येईल. आधी केसांतली फुलं, मग आईचा चेहरा, मग पांढरा पदर. सर घाईघाईनं माउस हलवत बसतील. दादा माझ्याकडं बघेल. बघू दे!

त्याआधी सकाळीच मी आतलं कपाट रिकामं करणार आहे. सगळ्या पांढऱ्या साड्या समोरच्या मांडणीवर लावीन, तुमच्या फोटोच्या बरोबर खाली. आणि शब्द देते, आबा, आपल्या दुकानात "लगीन हाय ना?" हे यापुढं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं जाईल.

जय भीम.

तुमची,
सुजाता