लोकरीच्या खुणेवर मटण

१३ डिसेंबर १९७०, रविवार
स्मोकर तयार. भंगारातलं लोखंडी कपाट, तळाशी बायकोच्या इस्त्रीचं कॉइल आणि तिचाच थर्मोस्टॅट, धुराला उसाची चिपाडं. मिशन बंगल्यातल्या अमेरिकन मासिकात सगळं दिलंय. दीडशे डिग्री फॅरनहाइट, ना कमी ना जास्त. नाताळच्या प्रीतिभोजनाला चर्चची अख्खी मंडळी माझं धुरावलेलं मटण खाणार. पाळकसाहेबांना सांगूनही टाकलं. विमलने माझा शर्ट घडी करून उशीखाली दाबला. इस्त्री गेल्याचा राग असावा.

१४, सोमवार
थर्मोस्टॅटच्या चकतीवर रेशीम, लोकर, सुती अशा इस्त्रीच्या खुणा. मटण मेंढीचं, म्हणून काटा लोकरीवर ठेवला. कारखान्याच्या लॅबमधून आणलेला थर्मामीटर: १५२. मी साधा टाइमकीपर आहे म्हणून लोक हसतात. हसोत.

१५, मंगळवार
आई दिवसभर कपाटाला टेकून बसली. थंडी आहे, म्हातारीला ऊब मिळाली. संध्याकाळी म्हणाली, "बाबा, ह्ये कपाट हात धरतंय." लावून पाहिला. किंचित मुंग्या येतात. तिच्या वयात रक्ताभिसरणाला चांगलंच. मटणातलं मिठाचं पाणी फरशीवर गळतं, म्हणून खाली गोणपाट अंथरलं. आईच्या बसण्याचीही सोय झाली.

१६, बुधवार, सायं. ४.३०
सकाळी ड्यूटीला निघताना १५०. परतलो तर ८२. दोष वीज मंडळाचा. दुपारी शिवारातल्या मोटारी चालू होतात, व्होल्टेज पडतं. तक्रारअर्ज लिहिणार.

१७, गुरुवार
आज ७९. अर्ज राहिला. मांजर कपाटाला घासून गेलं आणि किंचाळून कौलांवर चढलं. अजून उतरलेलं नाही. धूर मानवला नसावा.

१८, शुक्रवार
फ्यूज दोनदा उडाला. जाड तार घातली, प्रश्न मिटला. शेजारचा बन्सी आत डोकावून म्हणाला, "सूर्यभान, अर्थिंग दे, न्हाईतर बंद तरी कर. घरात म्हातारं मानूस हाय." वायरमन आहे. दुसऱ्याची कल्पना त्याला कशी बघवणार? तरी नाताळनंतर अर्थिंग करायचं, संकल्प. सायंकाळी ८१.

२०, रविवार
चर्च बुडवून दिवसभर थर्मामीटरसमोर बसलो. १५०, १५१, १५०. दुपारीसुद्धा. म्हणजे मोटारींचा दोष नाही. मी घरी असलो की यंत्र नीट चालतं, यंत्रालाही माणूस कळतो. आई दोनदा कपाटापर्यंत आली, मला पाहून मागे फिरली. विमल म्हणते मटण विटलंय, कडा हिरव्या पडल्यात. स्मोक्ड मटण तिने जन्मात पाहिलेलं नाही. तिला कशाला समजावत बसू.

२१, सोमवार, सकाळी ६
कारण सापडलं. स्मोकरचं बटण सैल आहे, मी नसताना आपोआप बंद पडतं. काढून टाकलं. तारा थेट मेनलाच जोडल्या. आता कुणी काही केलं तरी स्मोकर बंद पडणार नाही. विमल दळण घेऊन चक्कीवर जाणार आहे. आईला सांगितलंय, लक्ष ठेव.

२१, सकाळी ११
कारखान्यात निरोप आला, ताबडतोब घरी या. फ्यूज गेला असणार. जाड तारेनेही भागलं नाही म्हणायचं. सायकल काढतो.

२६, शनिवार, दवाखाना
आई वाचली. उजवा तळवा जळलाय, बोटं मिटत नाहीत. बन्सीने मुसळाने तार उडवली म्हणून, नाहीतर.

विमलने आज सांगितलं. मी ड्यूटीला गेलो की आई हाताला पदर गुंडाळून बटण बंद करायची. चारचा भोंगा झाला की परत लावायची. विमलला तिने शपथ घातली होती, "त्याला सांगू नगं. लई मन लावून केलंय, वाईट वाटंल त्याला." सोमवारी बटण सापडलं नाही. तिने तारच ओढली.

बटण मी काढलं. हे लिहायला पाच दिवस लागले.

मटण विमलने नदीकाठी पुरलं. काल प्रीतिभोजन झालं, डाळ-भाताचं.

आत्ता आईने डोळे उघडले. म्हणाली, "झालं का रे मटान नीट?"

झालं म्हणालो. लोकांना आवडलं का, म्हणाली. आवडलं म्हणालो. कोण काय बोललं तेही तिला ऐकायचं होतं. एकेकाचं नाव घेऊन सांगत बसलो.