संगमाच्या फोटोचा हुक

मरीन परेड, सिंगापूर
१६ ऑक्टोबर २०१६

प्रिय वल्लरी,

दिवाळीच्या आधी फ्लॅटला रंग देतो आहोत. सोफ्यावर जुनी चादर, चादरीवर मी आणि मांडीवर तू काढलेला नद्यांचा फोटो. आई म्हणते, फोन करा की. पण फोनवर माझा आवाज जहाजावरच्या कॅप्टनचा होतो आणि तू गप्प होतेस. म्हणून पत्र.

परवा आईने तुझी मुलाखत लॅपटॉपवर लावून दिली. उत्तर कॅनडातलं ते चिमुकलं विमान, एका बाजूचं दार काढून ठेवलेलं, आणि कमरेला पट्टा बांधून, कॅमेरा घेऊन अर्धी बाहेर झुकलेली तू! खाली दोन नद्या, एक गाळाने ताकासारखी पांढरी, दुसरी काळीशार, एकाच पात्रात शिरूनही कितीतरी अंतर वेगवेगळ्या वाहणाऱ्या. तो संगम मनासारखा मिळेपर्यंत तू पायलटला अकरा घिरट्या घालायला लावल्यास म्हणे, तेही बटण दाबायला स्वतःचा हातमोजा काढून. अगं, मी पस्तीस वर्षं जहाजावर काढली, पण माझ्या पायाखाली निदान लोखंडी डेक होता. ऊर भरून आला माझा. आईला मात्र म्हणालो, पोरीने कानटोपी नीट घातलेली नाही.

रॅफल्स प्लेसच्या बँकेतली नोकरी तू सोडलीस तेव्हा मी नको नको ते बोललो. नद्या बघून कुणाचं पोट भरलंय, असंही म्हणालो. तरी पहिला मोठा फोटो फ्रेम करून तू इथेच पाठवलास. तो लावताना मला वाटलं, फ्रेममागचा हुक तू चुकीच्या कडेला ठोकलायस. दोन नद्या खाली आणि त्यांची झालेली एक नदी वर? पाणी काय वर चढतं? पक्कड घेतली आणि हुक उपसून खालच्या कडेला ठोकला. आल्यागेल्याला तुझं कौतुक सांगताना ही दुरुस्तीही ऐटीत सांगायचो. पुढच्या वर्षी तू आलीस, फोटोसमोर बराच वेळ उभी राहिलीस आणि सिंगापुरी ढंगात ‘ओके लाह, बाबा’ म्हणून आत गेलीस. त्यानंतर एकही फोटो आला नाही. मला वाटलं, नोकरीवरून बोललो त्याचा राग अजून गेला नसेल.

काल रंगाऱ्यासाठी फोटो उतरवला. मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. हुक ठोकतानाही ते दिसलं होतं, पण फ्रेमवाल्याचं असेल म्हणून चष्मा शोधायचे कष्ट मी घेतले नव्हते. काल चष्मा डोळ्यांवर होता. ‘बाबा, उत्तर वर. तुमच्या नकाशांसारखी.’

जेवणाच्या टेबलावर माझे जुने सागरी नकाशे पसरून मीच तुला शिकवलं होतं ना, काहीही होवो, उत्तर वर. आणि तिथल्या नद्या उत्तरेलाच, बर्फाच्या समुद्राकडे वाहतात, हे जगभर फिरलेल्या बापाला सुचू नये! तू तो फोटो माझ्यासाठी माझ्या पद्धतीने मांडलास, आणि मी तो उलटा टांगून तीन वर्षं मिरवला. चुकलो, बाळा.

हे सांगायलाच लिहायला बसलो. हुक तू ठोकला होतास तिथे परत ठोकलाय, आणि शेजारची भिंत रिकामी ठेवायला सांगितली आहे. जूनमध्ये पुन्हा तिकडे जाशील, तेव्हा विमानात मागे एखादी सीट मिळेल का? मी मध्ये मध्ये बोलणार नाही. फक्त उत्तर कुठे आहे, ते तुला विचारेन.

तुझाच,
चष्मा लावून लिहिणारा
बाबा