डाव्या हाताची खूण

३ मार्च

चि. डावखुरीस अ. उ. आ.

कोटांच्या कारखान्यात कटिंग मास्तरची एकच जागा निघाली आहे आणि तिथे आजवर बाई बसलेली नाही, हे वाचून छाती फुगली. लहानपणी डाव्या हाताने माझा एकुलता एक कोट कापलास, तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. निर्भयपणे परीक्षा दे. वशिला ही नालायकांची कुबडी आहे, हे मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून ओरडत आलो आहे. तुला तिची गरज नाही. बाकी काळजी नको. सगळं नीट होईल.

तुझा काका

१९ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

जागा गेली. कापड सर्वांत कमी वाया गेलं म्हणून माझा कोट टेबलावर पसरून सगळ्यांना दाखवला, आणि निवड केली परीक्षेत शेजारच्या टेबलावर बसलेल्या शेजारणीची. ती घरून स्वतःची डाव्या हाताची कात्री घेऊन आली होती. मोठ्या साहेबांनी जाताना तिला काकांना नमस्कार सांगायला सांगितलं. बिचारी बुचकळ्यात पडली. तिला एकही काका नाही.

मी आठ वर्षं उजव्या हाताने कापते, काका. शिकले त्या दुकानात सगळ्या कात्र्या उजव्याच होत्या. तुम्हाला सांगायचं राहिलं. साहेब तुमच्या ओळखीचे का?

लोभ आहेच, तो वाढायचा की घटायचा, हे उत्तरावर.

तुमची पुतणी

२८ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद, द्यायचा हक्क उरला असेल तर.

होय. तो मोर्च्यातला जुना सोबती. तुझं नाव लिहिलं तर पुरावा राहील, म्हणून त्याला पाठवलेल्या चिठ्ठीत नुसती खूण लिहिली: पुतणी डावखुरी आहे. सभेत वाघ, चिठ्ठीत उंदीर!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी स्टुलावर चढलो आणि ती चिठ्ठी सगळ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवली. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. टाळी एकही नाही. काल निवड रद्द झाली. आता परीक्षक बाहेरचे, कापायचं पडद्याआड, कोटावर नाव नाही, नुसता नंबर. यात हरलीस तर ती तुझी हार. मागची माझी होती.

काका

९ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

पहिला आला अकरा नंबरचा कोट. पडद्याबाहेर आले तेव्हा परीक्षकांनी विचारलं की तुम्ही कुणाच्या कोण. मी सांगितलं, अकरा नंबर.

शेजारीण दुसरी आली. तिला माझ्या हाताखाली घ्या, असा शब्द टाकणारच होते, जीभ चावली. तिने स्वतःच अर्ज केलाय.

तुमची कितीतरी भाषणं मला पाठ आहेत. अभिमानाने सांगते ते मात्र स्टुलावरचं.

माप पाठवा. कापलेल्या कोटाची भरपाई म्हणून घरी नवा शिवून देते. पण दोन गिऱ्हाइकांची कापडं आधी आली आहेत. तुमचा नंबर तिसरा.

लोभ दुप्पट झाला आहे, तो सांभाळा.

तुमची डावखुरी