भाचीचा कान आणि माझा अनुभव

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. निमित्तच तसं आहे. भाची, वय वर्षं पंधरा, स्कूबा डायव्हिंगचा कोर्स पास झाली. आता तिला झऱ्यात उतरायचंय. डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचं खोल कुंड आहे आणि तळातून झरा उसळतो, म्हणे. ताई तिला एकटीला सोडायला तयार नाही. पण तू बरोबर उतरणार असशील तर जाऊ देईन, तू अनुभवी आहेस, असं ती मला स्वतःहून म्हणाली.

अनुभवी आहेच. अठरा वर्षांपूर्वी समुद्रात डाईव्ह मारली होती. एकच, पण नीट. (मागून एका माणसाने सिलेंडर धरून ठेवला होता. तो त्यांचा नियम असतो.) भाची लहान असताना तिला ही गोष्ट सांगायचो, तेव्हा डाईव्ह्ज जरा वाढत गेल्या. शेवटचा आकडा बहुधा चाळीस. पोरांना गोष्टीत आकडे लागतात.

५ मार्च
प्लॅन तयार. रोज सकाळी चालणं. जिने चढणं. पोट आत.

ऑफिसात सांगून टाकलं. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो मी. अडकलेल्या माणसाला धीर देणं हेच काम. घाबरू नका, हळू श्वास घ्या, माणूस निघालाय. एका बाईंना तर मी पाऊण तास गप्पांत गुंतवून ठेवलं होतं. पाण्याखाली याहून वेगळं काय असणार? भाचीला काही झालं तर सांभाळायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही.

चालणं उद्यापासून.

९ मार्च, रविवार
स्विमिंग पूलवर उजळणी. गरज नव्हती, पण इन्स्ट्रक्टर ऐकेना. इन्स्ट्रक्टर म्हणजे माझ्या निम्म्या वयाची पोरगी. आवाज मात्र हेडमास्तरणीचा.

मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. भाचीने दोनदा केलं. मी एकदा पाणी घेतलं आणि वर आलो. क्लोरीन फार होतं. इन्स्ट्रक्टर म्हणाली, हे जमल्याशिवाय झरा नाही.

तिने एक नियम सांगितला. डाईव्ह कुणीही, केव्हाही थांबवू शकतं, कारण द्यावं लागत नाही, आणि वर आल्यावर कुणी विचारायचं नाही. घरी येताना मी भाचीला समजावलं, बेटा, मनात काही न आणता थांबव, मी अजिबात हसणार नाही. ती हो म्हणाली. गुणी पोरगी आहे.

१३ मार्च
बाथरूममध्ये सराव. मास्क लावून तोंड बादलीत. बायकोने दार वाजवून विचारलं, काय चाललंय. सांगितलं. एवढंच बघायचं राहिलं होतं, असं म्हणून ती गेली. उत्तेजनाचा एक शब्द नाही.

जमलं नाही. बादली लहान आहे.

१९ मार्च
इन्स्ट्रक्टरचा फोन. दुसऱ्या उजळणीला का आला नाहीत? मित्राच्या सोसायटीच्या पूलमध्ये करून घेतली, असं सांगितलं. अगदीच खोटं नाही. मित्र आहे. सोसायटी आहे. पूल नाही.

ती म्हणाली, बघा हं, बरोबर लहान मुलगी आहे. मला काय हे सांगायचं?

२३ मार्च, रविवार
गेलो. उतरलो. आलो. भाचीचा कान दुखायला लागल्यामुळे लवकर वर यावं लागलं. नवशिक्यांचं असं होतं. पाणी स्वच्छ होतं.

२४ मार्च, सोमवार
कालच्या मजकुरात थोडी दुरुस्ती. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण?

चारेक मीटर खाली असू. पाणी बर्फासारखं. खाली तळाशी पांढरी वाळू भातासारखी रटरटत होती, ते भाची मला बोटाने दाखवत होती. तेवढ्यात माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. थेंबभर. बरं, निम्मा मास्क. नाकाने फुंकायचं सोडून मी नाकाने श्वास घेतला. पुढचं सलग आठवत नाही. बावीस वर्षं लोकांना ऐकवलेलं एकही वाक्य त्या वेळी आठवलं नाही, हे मात्र आठवतं. भाचीचा दंड धरला होता. तिच्या तोंडातली हवेची नळी माझ्या हाताने ओढली गेली. ओढली गेली म्हणजे मी ओढली. तिने ती शांतपणे परत तोंडात घातली, माझी माझ्या तोंडात दाबून धरली, वर जायची खूण केली आणि मला हळूहळू वर आणलं. इन्स्ट्रक्टर दोन हातांवर होती, ती पोचायच्या आत.

वर मी खोकत होतो. कुणी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, मी थांबवली डाईव्ह, माझा कान दुखत होता. नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

इथवर ठीक होतं. पण घरी ताईने विचारलं, एवढ्या लवकर कसे आलात? मी म्हणालो, हिचा कान दुखला. मग म्हणालो, जरा घाबरलीही. हे का म्हणालो? कुणी विचारलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यावर आणखी, मी होतो म्हणून निभावलं. भाची बुटांच्या लेस सोडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. ताई म्हणाली, मग बस झालं, आजपासून डायव्हिंग बंद.

मी चहा घेऊन निघालो. दोन कप घेतला.

२६ मार्च
विचार केला. सांगायलाच हवं. पोरीचं डायव्हिंग माझ्यामुळे बंद व्हायचं, हे बरं नाही. पण घाईत सांगितलं तर ताईला धक्का बसेल. तिला बीपी आहे. रविवारी शांतपणे सांगेन.

३० मार्च, रविवार
गेलो होतो. ताईकडे प्लंबर आला होता. प्लंबरसमोर घरातल्या गोष्टी कशा बोलायच्या? भाची माझ्यासमोर बसून होती, काहीतरी ऐकायचं असल्यासारखी. मी तिला लिफ्टचा एक किस्सा सांगितला. फारशी हसली नाही.

५ एप्रिल
भाचीचा फोन. मामा, उद्या येतोस ना? आई घरीच आहे. शिवाय म्हणाली, उद्या बॅच झऱ्यावर चाललीय, मी नाही जात, सहज सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं टोमणा आहे. पण आवाजात राग नव्हता. विसरली असावी. मुलं लवकर विसरतात. मग जुनं उकरून काढण्यात काय अर्थ आहे?

उद्या सर्दी होईलसं वाटतंय.

१० एप्रिल
आज फोनवर एक शाळकरी मुलगा. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेला. मी सवयीने म्हणालो, घाबरू नकोस. तो म्हणाला, मी घाबरलो नाही, माझ्याबरोबर आजोबा आहेत, ते घाबरलेत, पण त्यांना सांगू नका मी सांगितलं. मी पुढचा फोन शेजारच्या टेबलावर दिला आणि जाऊन तोंड धुतलं.

रविवारी सांगणार. काहीही होवो.

१३ एप्रिल, रविवार
सांगितलं. ताई इस्त्री करत होती. एका दमात सगळं. बादली, मित्राची सोसायटी, नळी, चाळीस डाईव्ह्जही. ताईने इस्त्री थांबवली नाही. म्हणाली, माहितीये मला. दुसऱ्याच दिवशी इन्स्ट्रक्टरचा फोन आला होता.

मी म्हणालो, मग पोरीचं डायव्हिंग बंद कशाला ठेवलंस?

ताई म्हणाली, मी कुठे ठेवलंय? त्याच दिवशी तिला म्हटलं, जा तू खुशाल. तीच जाईना. म्हणाली, मी जायला लागले की मामाला वाटेल, आता सांगायची गरजच नाही. तो सांगणार आहे, आई, त्याला थोडा वेळ दे. मी म्हटलं, तो सात जन्मांत सांगायचा नाही. तीन आठवडे आमचं हेच भांडण चाललंय.

मी म्हणालो, पुढच्या रविवारी मी स्वतः तिला झऱ्यावर घेऊन जातो, काठावर बसतो. ताई म्हणाली, झरा कालपासून बंद झाला. माशांचे अंडी घालायचे दिवस. आता थंडीतच उघडेल.

तेवढ्यात भाची आतून धावत आली. दाराआडून ऐकत होती. आईला म्हणाली, बघ, म्हटलं नव्हतं? हरलीस ना? आणि टाळीसाठी माझ्यासमोर हात धरला. इतकी खूश मी तिला झऱ्यावरही बघितली नव्हती.

टाळी दिली. तिच्याकडे बघवलं नाही.