इथपर्यंत येतं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्गात एखादं पोर जरा जास्तच कामसू दिसलं की मला तुमचीच आठवण येते. कारण अभ्यासातून सगळ्यात हुशारीनं पळणारं पोर भिंतीवरून उडी मारून जात नाही, ते झाडू हातात घेऊन बाईंसमोर उभं राहतं, हे तुम्ही ओळखलं होतं. मीच तशी होते ना! साक्रीकडच्या आपल्या त्या शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, माठ मी भरायचे, घंटा मी द्यायचे, सव्वीस जानेवारीची रांगोळीही माझीच. गणिताचा तास आला की मला नेमकं काहीतरी काम निघायचं. सगळे गुरुजी म्हणायचे, पोरगी गुणाची आहे. अपूर्णांक दिसले की ही गुणाची पोरगी पळ काढते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग तुम्ही धुळ्याहून बदलून आलात. गणिताचा तास सुरू होतोय आणि मी कळशी उचलून दाराकडे निघालेय. तुम्ही वर्गात पुस्तकातली मराठी बोलायचात, पण चिडलात की थेट अहिराणी. "कथा चालनी व?" कुठं निघालीस विचारलंत, मी म्हटलं, माठ भरायला. "माठ दुसरं कोणीही भरेल. तू बस." बाई, तेव्हा तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू! सगळ्या वर्गासमोर माझं राज्यच काढून घेतलंत. घरी जाऊन रडले, तर आबा म्हणाले, गणितात गेलीस तर पुढची शाळा बंद. रागानं नव्हे, उद्या बाजाराला जायचंय म्हणावं तसं सहज म्हणाले. मोठ्या अक्काची शाळा अशीच सुटली होती, म्हणून मला ठाऊक होतं की आबा बोलतात ते करतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पुढच्या बाकावर घेतलंत. मी आपली एकच रड लावली, "माले येत नही." आजवर सगळ्यांनी यावर सांगितलं होतं, अगं सोपं आहे. सोपं असून येत नाही म्हणजे मी ढच, असं वाटून मी आणखीच आक्रसायचे. तुम्ही म्हणालात, "अवघड आहेच. पण कुठपर्यंत येतं? तिथं बोट ठेव." मी बोट ठेवलं ते उदाहरणाच्या शेवटच्या शब्दावर. मला फक्त प्रश्न वाचता येत होता! मला वाटलं, आता बसणार पाठीत धपाटा. तुम्ही मात्र अगदी गंभीरपणे मान हलवलीत. "बरं, इथपर्यंत येतं. आता एक ओळ खाली उतरू." रोज एक ओळ, कधी तीही नाही. मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अर्धी मला मिळायची. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक समजावणारे पुढे मला पुष्कळ भेटले. तुम्ही भाकरी नुसती खाऊ घातलीत, त्याचं मला फार बरं वाटायचं. मी पास झाले तेव्हा तुम्ही रंगीत खडूंची पेटी हातात दिलीत आणि म्हणालात, आता लिही सुविचार, हौसेनं लिही. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

आता मी नशिराबादजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. हसू नका. माझ्या नववीत एक मुलगी आहे, केळीवाल्यांच्या घरची. माठ-बिठ काही भरत नाही ती. तिचं राज्य प्रोजेक्टरवर! तो लागत नसला की तिला हाक, मुख्याध्यापकांचा मोबाइल अडला की तिला हाक, ऑनलाइन माहिती भरायची असली की तिला हाक. सगळी शाळा तिच्यावर खूश, आणि गणिताच्या तासाला तिची जागा रिकामी. पहिल्याच आठवड्यात मी ओळखलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! तिच्या वडलांनी सांगून ठेवलंय की नववीत नापास झाली तर घरी बसवणार. ऐकलं आणि मला आबाच दिसले. मी सरळ मुख्याध्यापकांकडे गेले, म्हटलं, माझ्या तासाला तिला बोलवायचं नाही. "अहो मॅडम, पाहुणे आले तर प्रोजेक्टर कोण लावणार?" "तुम्ही लावा, सर." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरगी तर महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. फुगू दे, म्हटलं, मीही फुगले होते.

तिलाही तुमचाच प्रश्न विचारला. दोन चलांची समीकरणं होती. "मले नही येत, मॅडम." म्हटलं, अवघडच आहे ते, पण कुठपर्यंत येतं? तिनं बराच वेळ पुस्तकाकडे पाहिलं आणि बोट ठेवलं. माझ्यापेक्षा दोन ओळी पुढे होती हो!

परवा ती फळ्यावर शाब्दिक उदाहरण सोडवत होती. अर्ध्यावर येऊन अडली, खडू हातात तसाच. तेवढ्यात शिपाईदादा दारात आले, सरांनी बोलावलंय, हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि पडद्यावर काही दिसत नाही. बाई, मी मुद्दामच ते तिच्यावर सोडलं. सुटायचा रस्ता समोर उघडा होता, तोही मानाचा. तिनं दाराकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरले सांगा, येते थोड्या वेळानं. माझं गणित अर्धं राहिलंय." आणि पाठ फिरवून पुढची ओळ लिहायला लागली. ती ओळ चुकली, तिनं पुसली, पुन्हा लिहिली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, नाहीतर पोरांनी मला रडताना पाहिलं असतं. परीक्षा अजून व्हायचीय. पास होईल का? होईल. मी सांगते ना!

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते माझ्याच कपाटात राहील. पण एक कबूल करते, तुमच्यापासून लपणार नाहीच. उद्या जळगावला गणिताच्या शिक्षकांसमोर मला प्रोजेक्टर लावून पाठ दाखवायचाय, आणि ते यंत्र मला जमत नाही. काल त्याच पोरीला म्हटलं, शिकव मला. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "कुठपर्यंत येतं मॅडम? बोट ठेवा." आज दुपारी सराव करायला लॅपटॉप उघडला, आणि तो बाजूला सारून तुम्हाला पत्र लिहीत बसले. अक्षर छान आलंय. तुम्ही असतात तर अक्षराकडे पाहिलंही नसतं. बरं, वायर जोडण्यापर्यंत येतं मला. उठते.