आपल्या गावचा थांबा

दादा,

रेल्वेकडे केलेली तुझी तक्रार फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली. सकाळची पॅसेंजर थांबली नाही, आईने बसला दाखवतात तसा हात दाखवला, आणि रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. आई कशी गेली, ते मला या कागदावरून कळलं.

वेळापत्रकातून तो थांबा मीच काढला, रे. तक्त्यात होतं, आठवड्याचे प्रवासी दोन. हिने घरचा थांबा वाचवला, असं कुणी म्हणायला नको, म्हणून पहिली काट त्यालाच मारली. ते दोघं तू नि आई असाल, हे डोक्यातच आलं नाही.

तुला उत्तर मलाच द्यायचंय. "कळविण्यास खेद होतो की" इथवर टाइप केलंय. ऑफिसच्या पत्रात त्यापुढे "मी" लिहिता येत नाही.

तुझी,
धाकटी