‘दारात आमदार’, अंक सत्तावीस

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. लोकप्रतिनिधीने आत्मपरीक्षण केलं पाहिजे. अधिवेशनापुरते तीन संकल्प: सभागृहात जागेवरून हलायचं नाही. फोन बंद. पत्रक दर शनिवारी वेळेवर.

तिसरा संकल्प आधीपासूनच पूर्ण होतोय. माझं साप्ताहिक पत्रक, ‘दारात आमदार’. सव्वीस अंक झाले. दहा हजार प्रती, शनिवारी सकाळी घरोघर. मतदारसंघात कुठे काय कार्यक्रम, कोणता कायदा येतोय, सगळं एका पानात. बाकीचे आमदार पाच वर्षांतून एकदा लोकांच्या दारात जातात, मी दर आठवड्याला. नाव मलाच सुचलं. ही म्हणाली, असलं नाव वाचून लोक आतून कडी लावतील. हिला जनसंपर्कातलं काही कळत नाही.

६.४०. एवढं लिहिताना चारदा उठलो. खुर्चीत दोष असावा.

४ मार्च, मंगळवार

मागच्या अंकावर अखेर प्रतिक्रिया आली. फुलांच्या प्रदर्शनाच्या सेक्रेटरीचा फोन. ‘उद्घाटनाला अलोट गर्दी’ असं मी छापलं होतं. हॉलचं छप्पर गळायला लागलं म्हणून प्रदर्शनच रद्द झालं होतं. कोणती गर्दी, असं तो विचारत होता. सूर बरा नव्हता.

आता यात माझी चूक काय? छापखानेवाला मजकूर गुरुवारी दुपारी मागतो. वाटप शनिवारी. म्हणजे शुक्रवारी जे होणार ते गुरुवारीच ‘झालं’ म्हणून लिहून ठेवावं लागतं. ‘होईल, करीन, बोलेन’ कोण वाचणार? लोकांना ‘झालं, केलं, बोललो’ हवं. सव्वीस अंकांत फक्त चार वेळा फसलं. पाच धरा.

नवी खुर्ची मागवली.

५ मार्च, बुधवार. सकाळी

वहिनी वरच्या मजल्यावरून आरोग्य विधेयकाची प्रत घेऊन खाली आली. दादाची बायको. आमच्या सरकारी प्रसूतिगृहात बावीस वर्षं सिस्टर आहे, आता हेड. माझे अर्धे तरुण मतदार तिच्याच हातांत पहिल्यांदा रडले. म्हणाली, “भाऊजी, हे एकतिसाव्या पानावरचं कलम वाचलंत का? वीसपेक्षा कमी खाटांची प्रसूतिगृहं बंद. आपल्याकडे बाराच आहेत.”

विधेयकाचा सखोल अभ्यास झालाय, असं सांगितलं. (चौथ्या पानापर्यंत झाला होता.) तिच्याकडे सध्या एक्केचाळीस बायकांची नावं नोंदलेली आहेत. पुढचं हॉस्पिटल दोन तासांवर. अवघडलेल्या बाईने दोन तास गाडीत बसायचं, हे सांगताना तिचा आवाज बदलला. मलाही वाईट वाटलं. खरंच वाटलं.

सायंकाळी. मंत्र्यांना गाठलं. सज्जन माणूस. म्हणाले, दुरुस्ती द्या, ‘वीस’च्या जागी ‘दहा’ करा. शुक्रवारी उभे राहून दोन ओळी वाचा, मी तिथल्या तिथे स्वीकारतो. लगेच देऊन टाकली. दुरुस्ती क्रमांक नऊ. याला म्हणतात राजकीय वजन.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. मला वाटलं होतं डोळे भरून येतील. ती एवढंच म्हणाली, “तेवढा वेळ तिथे बसून राहा म्हणजे झालं.” ही उगाच हसली.

६ मार्च, गुरुवार

१.३० ला मजकूर छापखान्यात. मथळा: ‘प्रसूतिगृह वाचलं!’ खाली: ‘आमदारांच्या घणाघाती भाषणाने सभागृह स्तब्ध. एकाही मातेला आता गाव सोडावं लागणार नाही.’ भाषण दोन ओळींचंच आहे, पण घणाघात लांबीवर नसतो.

ऑफिसातल्या बाई (माझ्याआधी तीन आमदार सांभाळून झालेत, त्याचा त्यांना फार गर्व) म्हणाल्या, “साहेब, या वेळी एक दिवस थांबू या. दुरुस्ती अजून मांडली कुठे?” मी म्हटलं, मंत्र्यांनी शब्द दिलाय. बाई फायलीकडे बघत ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असं काहीतरी पुटपुटल्या. फाइल लग्नाची नव्हती.

७ मार्च, शुक्रवार. सभागृहात

११.००. जागेवर. हलणार नाही.

११.२५. हललेलो नाही. पाय हलतोय, तो धरायचा नाही.

११.५०. दुरुस्ती तीन. एक सदस्य ‘थोडक्यात’ म्हणून उभे राहिलेत.

१२.१०. दुरुस्ती पाच. तेच सदस्य. फोन बंद आहे, म्हणजे आवाज बंद आहे. खिशात थरथरतोय. छापखानेवाला.

१२.१५. परत थरथरला. अजून सहा, सात, आठ व्हायच्यात. या गतीने माझा नंबर दीड वाजता. दोन मिनिटं बाहेर जाऊन यायला काही हरकत नाही. जागेवर फाइल ठेवलीय, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी इथेच आहे.

१.१५. कँटीन.

छापखानेवाला म्हणत होता, मथळा बसत नाही, एक तर अक्षरं लहान करा नाहीतर तुमचा फोटो. मी म्हटलं फोटो राहू दे. मग तो म्हणाला, उद्गारचिन्ह काढू? त्यावर थोडी चर्चा झाली. परत आलो तर अध्यक्ष सतरावी दुरुस्ती पुकारत होते. सहा, सात, आठ ज्यांच्या होत्या त्यांनी एका दमात मागे घेतल्या. नऊ पुकारली. दोनदा माझं नाव घेतलं. सूचक सभागृहात नाही, म्हणून दुरुस्ती आपोआप पडली. मंत्री माझ्या फायलीकडे बघत होते म्हणे.

विधेयक मंजूर. एकतिसाव्या पानासकट.

रात्री. इतकं काही बिघडलेलं नाही. सोमवारी मंत्र्यांना भेटतो, काहीतरी वाट निघेल. छापखान्यात फोन केला. प्रती छापून, गठ्ठे बांधून तयार. ‘वाटप थांबवू का?’ असं त्याने स्वतःहून विचारलं. विचार केला. सोमवारी वाट निघालीच तर बातमी खरीच आहे, फक्त तीन दिवस आधी आली. म्हटलं, वाटा.

घरी बोललो नाही. वहिनी ड्युटीवर होती आणि तिला उगाच काळजी. ही विचारत होती, झालं का? मी म्हटलं, होत आलंय.

८ मार्च, शनिवार

घरी चैन पडेना. लोकांत गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो: कुणी गळ्यात पडलं तर काय बोलायचं, कुणी गचांडी धरली तर काय.

चहावाल्याने अंक सत्तावीस गळक्या किटलीखाली ठेवला होता. माझा फोटो वरच्या बाजूला, ओला. शिंप्याने त्यावर बाहीचं माप कापून घेतलं होतं. निवृत्त मास्तर मात्र म्हणाले, “वाचतो, नियमित वाचतो, चालू ठेवा.” या वेळी काय आवडलं, विचारलं. म्हणाले, “ते हे... फुलांचं.”

म्हणजे कुणीच वाचलेलं नाही! दहा हजार प्रती, एकही वाचक नाही. इतकं हायसं वाटलं की घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत अपमान लक्षातच आला नाही. संध्याकाळी नीट जेवलो.

१० मार्च, सोमवार

सकाळी मंत्री दोन मिनिटं भेटले. उभ्यानेच. कायदा झाला, आता पुढच्या अधिवेशनापर्यंत काही नाही. प्रसूतिगृह एकतीस तारखेला बंद.

दुपारी ४.३०. वहिनी ड्युटीवरून थेट माझ्या खोलीत आली. बंद करण्याची ऑर्डर आज आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

म्हणाली, “सव्वीस अंक मी न वाचता रद्दीत टाकले, भाऊजी. हा वाचला. घरच्या माणसाने माझ्यासाठी एवढं केलं म्हणून दोनदा वाचला.”

शनिवारी तिने तो तपासणीच्या खोलीबाहेर चिकटवला. बाकावरच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. कलमाची कुणकुण लागल्यापासून ज्यांनी धडपड करून दोन तासांवरच्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं, त्यांतल्या एकोणीस जणींनी तिच्या शब्दावर ते काढून घेतलं. तिथे आता जागा नाही. सहा जणींचे दिवस पुढच्या महिन्यात भरतायत.

माझ्याने तिच्याकडे बघवेना. लाज वाटली. शुक्रवारीच वाटायला हवी होती.

तिच्या हातात वहीचं पान होतं, एकोणीस नावं, पत्ते. आजपासून घरोघर जाऊन सांगणार, आणि बसून प्रत्येकीची सोय लावणार. मी चपला शोधायला उठलो. म्हटलं, गाडी काढतो, मीही येतो.

म्हणाली, “नको. तुम्हाला दारात बघून त्यांना वाटेल, काहीतरी चांगलंच सांगायला आलात.”

ही ओढणी घेऊन तिच्याबरोबर गेली. मी घरी.